अभावाचे प्रमाण

रसग्रहण करायचे ते कवितेचे, नाटकाचे, फार तर एखाद्या शिल्पाचे. तक्त्याचे रसग्रहण कोणी करत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेली एक छोटी पुस्तिका जाणकाराने सावकाश वाचावी अशी आहे, असे माझे मत आहे. तिचा विषय ऑन्कोसर्कायसिस. काळ्या माशीच्या चाव्यातून शिरणारा आणि त्वचेतून डोळ्यांपर्यंत पोचणारा हा कृमिरोग ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ म्हणून ओळखला जातो, कारण ही माशी वेगाने वाहणाऱ्या नदीतच अंडी घालते. पुस्तिकेचा प्रकार ‘टार्गेट प्रॉडक्ट प्रोफाइल’, थोडक्यात टीपीपी. या रोगाचे उच्चाटन करायचे तर कोणती निदानचाचणी हवी, तिचे हे वर्णन आहे. आणि ती चाचणी अजून अस्तित्वात नाही.

वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत ‘अपेक्षा’ नावाचा एक रकाना असतो; इथे सगळेच रकाने अपेक्षांचे आहेत. पण ही नोंदवही जास्त प्रामाणिक आहे. ती प्रत्येक अपेक्षा दोनदा लिहिते, एकदा ‘आदर्श’ म्हणून आणि एकदा ‘किमान’ म्हणून. पहिल्या स्तंभात मनातले सगळे मागून घ्यायचे, दुसऱ्यात कशावर भागवून घेऊ ते कबूल करायचे. शेजारी टीपांचा स्तंभ. आपल्याकडच्या वाचकाला ही रचना परकी वाटायला नको. केसोबासांच्या ‘सूत्रपाठा’पासून पुढच्या भाष्यकारांपर्यंत महानुभावांनी हीच शिस्त पाळली: सूत्र आटोपशीर, उलगडा भाष्याकडे. सूत्र वाचणाऱ्याने प्रत्येक शब्दाला थांबून विचारायचे असते, हा इथे का आला आणि दुसरा का आला नाही. टीपीपी वाचताना अक्षरांऐवजी आकड्यांना तसे विचारावे लागते.

हे आकडे ज्यातून आले ती पूर्वपीठिका आधी पाहू. कृमीचे नाव ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस. प्रौढ कृमी माणसाच्या कातडीखाली गाठी करून राहतात आणि दहा ते पंधरा वर्षे जगतात. मादी या सगळ्या काळात सूक्ष्म अळ्या सोडत राहते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. त्या त्वचेत फिरतात, मरतात, आणि मरताना शरीराला जो क्षोभ देतात त्यातून अनावर खाज सुटते, कातडी जून होते आणि डोळ्यांतल्या अळ्यांमुळे दृष्टी जाते. बाधितांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक लोक आफ्रिकेतले. उरलेले येमेन आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातले. भारतात हा रोग नाही.

त्याची माहिती तुकड्यातुकड्याने जमली. १८७५ मध्ये जॉन ओनील या नौदलाच्या शल्यचिकित्सकाला आजच्या घानाच्या किनाऱ्यावर खरजेसारख्या विकाराच्या रुग्णांच्या त्वचेत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. १९१५ मध्ये ग्वाटेमालात रोडॉल्फो रोब्लेस यांनी डोक्यावरच्या गाठी आणि जाणारी दृष्टी यांची सांगड घातली. १९२६ मध्ये सिएरा लिओनमध्ये ब्लॅकलॉक यांनी माशीवर बोट ठेवले. अळी, गाठ, माशी हे तीन धागे जुळायला अर्धे शतक गेले. त्यानंतर १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत मोठी मोहीम सुरू झाली. सात देशांतल्या आणि पुढे अकरा देशांतल्या नद्यांवर हेलिकॉप्टरमधून माशीच्या अळ्या मारणारी औषधे टाकली गेली. ही मोहीम २००२ पर्यंत चालली. १९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध, लागेल तितके आणि लागेल तितकी वर्षे, फुकट द्यायचे जाहीर केले. याच औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

आयव्हरमेक्टिनचा स्वभाव समजल्याशिवाय पुस्तिकेतला पेच समजत नाही. ते अळ्या मारते, प्रौढ कृमी मारत नाही. वर्षातून एकदोनदा गोळी घेतली की त्वचा साफ होते, मादीचे अळ्या सोडणे काही महिने मंदावते आणि मग पुन्हा सुरू होते. म्हणून प्रौढ कृमी म्हातारे होऊन मरेपर्यंत, दहा-पंधरा वर्षे, गावच्या गावाला गोळ्या द्याव्या लागतात. गोळ्या सुरू करणे तुलनेने सोपे असते. कोणत्या वर्षी थांबायचे हे ठरवणे अवघड, आणि ही पुस्तिका त्या थांबण्याच्या प्रश्नातून जन्मली आहे.

नारू आठवून पाहावा. महाराष्ट्राच्या दुष्काळी गावांत नारू पाहिलेली माणसे अजून आहेत. नारूला चाचणीची गरज नव्हती; कृमी स्वतःच पायातून बाहेर येई आणि घरातले सगळे ते पाहत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. नारू संपला हे म्हणायला लक्ष ठेवणारे डोळे आणि खबर देणाऱ्याला बक्षीस एवढे पुरले. ऑन्कोसर्का मात्र बाहेर येत नाही. तो गाठीत असतो, गाठ खोल असली तर हातालाही लागत नाही, आणि गोळी घेतलेल्या माणसाच्या त्वचेत त्याच्या अळ्याही दिसत नाहीत. दिसत नाही आणि तरी असू शकतो, अशा शत्रूबद्दल ‘नाही’ म्हणायचे आहे.

पुस्तिकेआधीच्या चाचण्या या दृष्टीने पाहिल्या तर त्यांतली प्रत्येक एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होती. सगळ्यात जुनी म्हणजे ‘स्किन स्निप’. कमरेच्या हाडावरच्या कातडीचा चिमटीएवढा तुकडा कापायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाहेर पोहणाऱ्या अळ्या मोजायच्या. ही चाचणी खोटा होकार जवळजवळ देत नाही, कारण अळी डोळ्यांना दिसते. पण ती दुखते, आणि गोळ्यांमुळे अळ्या विरळ झाल्या की चुकते. लोक पहिल्या वर्षी कातडी देतात. रोग कमी झाला, खाज थांबली की का द्यावी, असे विचारतात, आणि त्यांचे बरोबर असते. मेक्सिकोत १९४० च्या दशकात मझोटी यांनी दुसरा मार्ग काढला: डायएथिलकार्बामॅझिनची छोटी मात्रा द्यायची आणि खाज उसळते का ते पाहायचे. निदानासाठी माणसाला त्याचाच रोग काही तास जास्त भोगायला लावणारी ही चाचणी जड बाधेत धोक्याचीही होती.

१९९० च्या दशकात आफ्रिकेतल्या मोहिमेने अगदी साधी पद्धत घेतली. गावातल्या काही प्रौढ पुरुषांच्या अंगावर हात फिरवून गाठी चाचपायच्या आणि २० टक्क्यांहून अधिक पुरुषांत गाठी लागल्या की त्या भागाला गोळ्या द्यायच्या. जिथे रोग जास्त तिथे आधी पोचायचे, हा त्या वेळचा हेतू होता आणि त्याला ही पद्धत साजेशी होती. पण हेतू बदलला. नियंत्रणाच्या जागी उच्चाटन आले. मग ज्या भागांत गाठी कमी म्हणून वगळले होते तेच भाग रोगाचे आसरे ठरू लागले, आणि ते शोधण्याइतका हात सूक्ष्म नव्हता.

शेवटी आली रक्ताची चाचणी. ओव्ही-१६ या कृमीच्या प्रथिनाविरुद्ध शरीरात तयार झालेले प्रतिपिंड बोटाच्या एका थेंबातून ओळखणारी पट्टी २०१४ च्या सुमारास बाजारात आली. ती दुखत नाही, फार वेळही घेत नाही. पण प्रतिपिंड ही आठवण असते. कृमी मरून गेल्यावरही ती वर्षानुवर्षे रक्तात राहते, आणि प्रत्येक बाधिताच्या शरीरात ती तयार होतेच असेही नाही. म्हणून मोठ्या माणसाचा होकार फारसे काही सांगत नाही. तो कधीचा, हे कळत नाही. यावर तोडगा सुंदर निघाला: दहा वर्षांखालची मुले तपासायची. माश्यांनी रोग पसरवणे थांबले असेल तर त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात ही आठवण असणारच नाही. पट्टीला काळ कळत नाही, म्हणून मुलाच्या वयातून काळ मोजायचा. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गोळ्या थांबवण्याची अट अशी ठरली की दहा वर्षांखालच्या मुलांत ओव्ही-१६ चे प्रमाण ०.१ टक्क्याच्या, म्हणजे हजारी एकाच्या, खाली असले पाहिजे.

हजारी एक ही अट कागदावर शोभते, पण मोजायला बसले की घाम फुटतो. टीपीपीतल्या दोन ओळी या घामातून आल्या आहेत, असे मी त्या वाचतो.

पुस्तिकेत चाचणीचे दोन उपयोग वेगळे मांडले आहेत. पहिला, रोग कमी असलेल्या भागाचा नकाशा करणे: इथे तो आहे का? दुसरा, गोळ्या थांबवण्याचा निर्णय: तो गेला का? प्रत्येकासाठी दोन किमान आकडे. संवेदनशीलता म्हणजे शंभर बाधितांपैकी किती जणांना चाचणी ‘हो’ म्हणते. विशिष्टता म्हणजे शंभर निरोग्यांपैकी किती जणांना ती ‘नाही’ म्हणते. नकाशासाठी संवेदनशीलता किमान ६० टक्के आणि विशिष्टता किमान ९९.८ टक्के. थांबण्यासाठी संवेदनशीलता किमान ८९ टक्के आणि विशिष्टता पुन्हा ९९.८ टक्के.

पहिल्या वाचनात कोणीही ६० वर अडखळेल. शंभरातले चाळीस रुग्ण हातून निसटले तरी चालतील, असे आरोग्य संघटना म्हणते? दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे मान्य होणार नाही. पण नकाशा काढताना रुग्ण हा एकटा माणूस नसतो; अख्खे गाव रुग्ण असते. हजार माणसांचे एक गाव घेऊ, त्यात दहा जण बाधित. ६० टक्के संवेदनशीलतेची चाचणी त्यांतले सहा पकडेल. ९९.८ टक्के विशिष्टतेमुळे ९९० निरोग्यांपैकी दोघांना खोटा होकार मिळेल. एकूण होकार आठ. शेजारच्या निरोगी गावात होकार फक्त दोन. आठ आणि दोन यांतला फरक दिसतो.

आता विशिष्टता जराशी उतरवून ९८ करू. शाळेच्या परीक्षेत ९८ म्हणजे पेढे वाटायचे गुण. बाधित गावात सहा खरे आणि वीस खोटे, एकूण सव्वीस होकार; निरोगी गावात वीस. सव्वीस आणि वीस यांत काय निवडणार? बरे, विशिष्टता ९८ च ठेवून संवेदनशीलता थेट १०० वर नेली तरी आकडे तीस आणि वीस. सगळे रुग्ण सापडूनही गाव ओळखू येत नाही. चाळीस रुग्ण निसटलेले चालतात पण दशांशचिन्हापुढचा आठ निसटलेला चालत नाही, हा त्या ओळीचा अर्थ. रोग दुर्मीळ होत गेला की खोट्या होकारांची गर्दी खऱ्या होकारांना झाकून टाकते. पुस्तिकेतले मला सर्वांत आवडणारे स्थळ हेच. एकही विशेषण न वापरता, फक्त ६० आणि ९९.८ हे आकडे शेजारी ठेवून, तिने रोगाच्या उतरणीचे सगळे शास्त्र सांगितले आहे.

मग दुसऱ्या ओळीत संवेदनशीलता ६० वरून ८९ वर का चढते? इथे मला आपल्या दर्शनांची आठवण होते, आणि ती ओढूनताणून येत नाही. मीमांसकांत कुमारिल भट्टाच्या परंपरेने, आणि पुढे अद्वैत वेदान्ताने, अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही हे ज्ञान कशाने होते? घट दिसत नाही यावरून. पण त्यांनी लगेच अट घातली: न दिसणे योग्य असले पाहिजे. घट असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. आणि पिशाच उजेडातही दिसत नाही, म्हणून त्याच्या न दिसण्याला प्रमाण मानता येत नाही. न दिसण्याला किंमत येते ती दिसण्याच्या क्षमतेमुळे.

संवेदनशीलता म्हणजे ही योग्यता, टक्क्यांत मांडलेली. गणिताने पाहू. चाचणी अचूक असेल आणि तीन हजार मुलांत एकही होकार आला नाही, तर प्रमाण हजारी एकाहून कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. शून्य सापडले तरी शून्य आहे असे म्हणता येत नाही. फक्त ‘एवढ्याहून जास्त नाही’ इतकेच. चाचणी ८९ टक्के संवेदनशील असेल तर तेवढ्याच खात्रीला सुमारे तीन हजार चारशे मुले लागतील. ६० टक्के असेल तर पाच हजार. चाचणीची नजर जितकी अधू तितकी जास्त बोटे टोचावी लागतात. नदीकाठच्या विखुरलेल्या वस्त्यांत दहा वर्षांखालची पाच हजार मुले मिळवायची म्हणजे किती गावे पालथी घालावी लागतील! नकाशाच्या ओळीत ‘हो’ महत्त्वाचा होता, म्हणून खोट्या होकाराचे भय होते. थांबण्याच्या ओळीत ‘नाही’ महत्त्वाचा, म्हणून त्या ‘नाही’च्या लायकीची चौकशी करावी लागते. एका रोगाविषयीचे हे दोन प्रश्न दोन वेगळ्या चाचण्या मागतात, हा या पुस्तिकेचा गाभा आहे आणि तो तिने कुठेही घोषवाक्यासारखा म्हटलेला नाही.

‘नाही’ चुकीचा ठरला तर काय होते, याची साक्ष बुर्किना फासोतल्या कोमोए नदीच्या खोऱ्यात आहे. पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या मोहिमेत तिथली फवारणी थांबली, रोग गेल्यासारखा दिसला, आणि काही वर्षांनी तो पुन्हा डोके वर काढताना सापडला. २०११ मध्ये तिथे गोळ्यांचे वाटप सुरू करावे लागले. ‘हो’ चुकीचा ठरला तर नुकसान वेगळे: रोग नसलेल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे गोळ्या, आरोग्यसेविकांचे श्रम, आणि आपण आजारी नसताना औषध का, असे विचारणाऱ्या लोकांचा उडत जाणारा विश्वास. पहिली चूक दिसायला वर्षे लागतात, दुसरी दिसतच नाही. म्हणून दोन्हींची किंमत आधीच आकड्यांत बांधून ठेवावी लागते.

मोठ्या आकड्यांच्या आसपासच्या लहान ओळीही वाचनीय आहेत. चाचणीने नेमके काय ओळखावे, या ओळीत आदर्शाचा रोख जिवंत प्रौढ कृमीकडे आहे; प्रतिपिंडाची आठवण ही किमानाची तडजोड. हा एक रकाना भरण्यासाठी जगातल्या प्रयोगशाळा कित्येक वर्षे झटत आहेत. जिवंत मादी रक्तात किंवा लघवीत नेमकी कोणती खूण सोडते, आणि ती मेली की जी खूण पुसली जाते ती कोणती, हे सापडले तर वयाचा आधार घेऊन काळ मोजण्याची गरजच उरणार नाही. मोठ्या माणसाचाही होकार अर्थपूर्ण होईल. मॉक्सिडेक्टिनसारखी नवी औषधे पुढे येत असताना, औषधाने प्रौढ कृमीवर काय केले हे गाठ न कापता कळेल. चाचणी एका ओळीत मागितली आहे, पण त्या ओळीमागे संशोधनाचा सगळा अग्रक्रम उभा आहे.

त्याखालच्या ओळी वापरणाऱ्याच्या: किती शिकलेल्या माणसाला ही चाचणी जमावी, वीज लागावी का, उन्हाळ्यात ती किती काळ टिकावी, रक्त बोटाचे की शिरेचे, निकाल किती वेळ वाचता यावा, किंमत किती. या ओळींत नाव न घेता एक व्यक्ती उभी राहते. ती डॉक्टर नाही. तिच्याकडे शीतपेटी असेलच असे नाही, प्रयोगशाळा नक्की नाही. ती गावात येते, मुलांना रांगेत बसवते, बोट टोचते आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी जाते. कादंबरीकार ज्या पात्रासाठी पाने खर्च करतो, ते इथे तापमान आणि शिक्षणाच्या रकान्यांतून आकाराला येते.

आता दोष. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे.

पहिला दोष गणिताचा. ९९.८ ही किमान विशिष्टता नकाशाला पुरते, पण २०१६ ची हजारी एकची अट समोर ठेवली तर थांबण्याला ती एकटी पुरत नाही. दहा हजार मुलांत दहा बाधित असतील तर ८९ टक्के संवेदनशीलतेने नऊ सापडतील, आणि खोटे होकार वीस असतील. निरोगी जिल्ह्यातही वीसच. म्हणजे या टप्प्यावर प्रत्येक होकार संशयित धरून त्याची दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या चाचणीने खातरजमा केली पाहिजे. दोघींच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या नसतील आणि दुसरीची विशिष्टता ९९ टक्के असेल तर वीस खोट्या होकारांतला एखादाही उरणे कठीण. होकार आलेल्या मुलांच्या त्वचेवर पीसीआर करायचे, ही जुनी वाट याच विचाराची आहे. एकट्या आदर्श चाचणीचे चित्र मोहक असते. शेताच्या बांधावर काम दोन साध्या चाचण्यांच्या जोडीने होते. तक्त्याची रचना एका वस्तूची असल्याने ही जोडी तिच्यात नीट बसत नाही.

दुसरा दोष, किंवा मर्यादा म्हणू, माशीची. रोग पसरतो आहे का याचा सर्वांत थेट पुरावा माशीच्या डोक्यात असतो. हजारो माश्या पकडून, त्यांची डोकी एकत्र करून, कृमीच्या डीएनएचा शोध घेण्याची पद्धत त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण पुरेशा माश्या पकडणे हेच काम आहे, आणि त्यासाठी माणसांना नदीकाठी पाय उघडे टाकून बसवण्याची जुनी रीत आज कोणालाही पटत नाही. माशी पकडण्याच्या सापळ्यांवरचे संशोधन चाचणीइतकेच निकडीचे असून या तक्त्याबाहेर राहते.

तिसरी गोष्ट लोआची. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी त्याच माणसांच्या रक्तात असतो. त्याच्या अळ्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये तीस हजारांहून जास्त असल्या आणि त्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिले, तर मेंदूवर गंभीर, कधी जीवघेणा परिणाम होऊ शकतो. ज्या भागांत ऑन्कोसर्का कमी आणि लोआ जास्त, तिथे आधी माणसाची तपासणी, मग गोळी, अशी पद्धत कॅमेरूनमधल्या ओकोला जिल्ह्यात वापरून पाहिली गेली. फोनला जोडलेला छोटा सूक्ष्मदर्शक रक्तातल्या अळ्यांची वळवळ टिपून काही मिनिटांत अंदाज देतो. लोआमुळे फक्त दोनेक टक्के लोकांना गोळीपासून दूर ठेवावे लागले, आणि ज्यांना ती दिली त्यांना ती सुरक्षित देता आली. निदान इथे रोग शोधत नाही; कोणाला औषध द्यायचे नाही हे शोधते. ऑन्कोसर्काच्या चाचणीने लोआला चुकून ‘हो’ म्हणता कामा नये, हा या भागातल्या विशिष्टतेचा अर्थ, आणि तो इतर कोणत्याही भागापेक्षा इथे जड आहे.

शेवटची मर्यादा बाजाराची. पुस्तिका चाचणीची किंमत सांगते, ती बनवण्याचे कारण सांगत नाही. या चाचणीचे गिऱ्हाईक गरीब देशांचे आरोग्य खाते. ती यशस्वी झाली तर दरवर्षी कमी खपणार. आणि रोग गेला की दुकान बंद. असा माल कोणता कारखाना काढेल? औषधासाठी मर्कने दाखवले तसे औदार्य चाचणीला अजून लाभलेले नाही. मागणीची हमी, आगाऊ खरेदी, सार्वजनिक पैसा यांवाचून तक्त्यातला आदर्श स्तंभ आदर्शच राहील.

ही सगळी चर्चा दूरची वाटली तर आपल्याकडच्या हत्तीरोगाकडे पाहावे. त्याच कुळातला कृमी, वाहक डास, तीच अडचण. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरच्या गावांत रात्री रक्ताचे नमुने घेतले जात, कारण अळ्या रात्रीच रक्तात उतरतात; आता दिवसा घेतलेल्या थेंबावर प्रतिजन ओळखणारी पट्टी आहे. नागपूर हा तीन औषधे एकत्र देण्याचा प्रयोग आधी झालेल्या देशातल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी एक. इथेही गोळ्या थांबवायच्या का, हे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तपासणीवर ठरत आले आहे. ‘आमच्या जिल्ह्यात आता हत्तीरोग नाही’ हे वाक्य ऐकले की त्यामागची चाचणी, तिची योग्यता आणि तपासलेली मुले विचारायचा हक्क आपल्याला आहे.

ऑन्कोसर्काच्या बाबतीत हे वाक्य म्हणण्याचा मान कोलंबियाने २०१३ मध्ये मिळवला. त्यामागून इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला आले. आणि जानेवारी २०२५ मध्ये नायजर, आफ्रिकेतला पहिला देश. म्हणजे जुन्या, अपुऱ्या चाचण्यांनीही ‘नाही’ सिद्ध होते. चिकाटी, माणसे आणि पैसा भरपूर ओतला तर होते. पण जिथे रस्ते नाहीत, युद्ध आहे, लोआ आहे, किंवा व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या यानोमामींसारख्या फिरत्या वस्त्या आहेत, तिथे हे तिन्ही पुरे पडत नाहीत. म्हणून, पैसा मर्यादित असताना पहिला क्रम कशाला, असे विचारले तर या पुस्तिकेच्या वाचनातून माझे उत्तर ठरले आहे: जिवंत मादीची खूण आधी शोधा, आणि ती सापडेपर्यंत दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्यांची जोडी गावापर्यंत पोचवा. एका ‘नाही’वर लाखो माणसांचे औषध थांबणार असेल, तर तो ‘नाही’ म्हणणाऱ्या चाचणीची नजर किती तीक्ष्ण आहे याचा हिशेब आधी मांडलेला असला पाहिजे. हा तक्ता तो हिशेब मागतो, आणि त्याची थोरवी त्या मागण्यात आहे.